वज्रसूची, तिचा टंक आणि आपल्या वंशावळी

वज्रसूची या नांवाचें एक लहानसें संस्कृत प्रकरण जुन्या पोथ्यांच्या संग्राहकांस परिचयाचें आहे. नांवाचा अर्थ हिऱ्याची सुई. ही सुई ज्या वस्तूला टोचावयाची, ती वस्तु म्हणजे जन्मसिद्ध ब्राह्मण्य. ग्रंथ थोडक्या पानांचा, पण त्याच्या कर्तृत्वासंबंधीं जें लिहिलें गेलें तें त्याच्या कित्येक पट भरेल. त्या वादांत भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. ग्रंथ म्हणतो काय, त्याचें म्हणणें टिकतें काय, आणि जुने कागद जमविणाऱ्या आपणां मंडळींशीं त्याचा संबंध कोणता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. हा संबंध माझ्या ध्यानांत फार उशिरां आला, व त्यांत माझ्या पदरीं एक दोषहि येतो. तो यथास्थळीं सांगेन.

कर्तृत्वाचा हिशेब प्रथम आटोपून घेऊं. नेपाळांत हॉज्सन यास जी प्रत मिळाली व जिचें इंग्रजी भाषांतर त्यानें 1829 च्या सुमारास केलें, तींत ग्रंथकार म्हणून अश्वघोषाचें नांव आहे. इ. स. 973 ते 981 या काळांत झालेलें चिनी भाषांतर तोच ग्रंथ धर्मकीर्तीच्या नांवावर देतें. राममोहन रॉय यांनीं 1827 सालीं बंगाली भाषांतरासह जो पाठ छापला, तो मृत्युंजयाचार्यांचा म्हणून. आणि मुक्तिकोपनिषदांतील 108 उपनिषदांच्या यादींत सामवेदाकडे गणलेलें जें वज्रसूचिकोपनिषद्, तें शंकराचार्यांकडे लावण्याचाहि प्रघात आहे. बर्लिन येथें वेबरनें 1859 सालीं या पाठांचा परस्परसंबंध दाखविला. पुढें 1950 सालीं शांतिनिकेतनांतून सुजितकुमार मुखोपाध्याय यांची आवृत्ति निघाली. एका सुईला चार लोहार मिळाले, एवढें खरें. यांपैकीं शंकराचार्यांचें नांव तर मला मुळींच पटत नाहीं. ब्रह्मसूत्रभाष्याच्या अपशूद्राधिकरणांत शूद्रास वेदाध्ययनाचा अधिकार नाहीं असा स्वच्छ निर्णय देणारे आचार्य दुसऱ्या हातानें ही सुई घडवितील, हें संभवत नाहीं. असो.

ग्रंथाची रीत अशी आहे. ब्राह्मण म्हणून ज्यास म्हणतात तें नेमकें काय? जीव म्हणावें, तर एकच जीव नाना योनींत फिरतो. देह म्हणावें, तर चांडाळापर्यंत सर्वांचे देह त्याच पंचमहाभूतांचे; शिवाय बापाच्या प्रेताला अग्नि देणाऱ्या पुत्रास ब्रह्महत्येचें पातक लागावें. जाति म्हणावें, तर ऋष्यशृंग हरिणीच्या पोटीं, व्यास कैवर्तकन्येच्या पोटीं, वसिष्ठ उर्वशीपासून, अगस्त्य कलशांतून जन्मले. त्यांची वाट काय? ज्ञान म्हणावें, तर क्षत्रियांतहि ज्ञाते पुष्कळ झाले. कर्म व धार्मिकता यांचीहि तीच गत. एकेक पर्याय खोडीत जाण्याची ही पद्धति म्हणजे आपल्या नैयायिकांचें परिशेषानुमान होय, आणि येथपर्यंत उपनिषदाचा पाठ व नेपाळी पाठ, तपशील सोडल्यास, बरोबरीनें चालतात.

वाटा फुटतात त्या शेवटीं, आणि या शेवटांकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे होतें तितकें दिलें गेलें नाहीं. उपनिषद् म्हणतें कीं, अद्वितीय आत्म्याचा ज्यास साक्षात्कार झाला व ज्याचे कामक्रोधादि विकार गळाले, तो ब्राह्मण. उत्तर उदात्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यामुळें गांवांतील एकाचेंहि स्थान हलत नाहीं. शूद्राचें काय, हा प्रश्न उपनिषद् विचारीतच नाहीं. तें फक्त सर्वोच्च आसनावर बसण्यास योग्य कोण एवढें सांगून थांबतें, आसन मात्र जेथल्या तेथें राहातें. बौद्ध पाठ याच्या पुढें जातो. गाय, घोडा, हत्ती यांच्या पायांच्या ठशांवरून त्यांच्या जाति ओळखतां येतात. ब्राह्मणाच्या व शूद्राच्या पाउलांत असा भेद कोणी दाखवावा. उंबराला किंवा फणसाला बुंध्याशीं फळ येतें व फांदीलाहि येतें, म्हणून तीं फळें दोन जातींचीं होत नाहींत. सबब चारहि वर्णांची जाति एकच, मनुष्य. आणि शूद्रास प्रव्रज्येचा अधिकार नाहीं म्हणणाऱ्यांस तो ग्रंथ तोंडावर उत्तर देतो.

तथापि बौद्ध पाठाचीहि वाजवीपेक्षां अधिक स्तुति करण्याचें कारण नाहीं. तोहि युधिष्ठिरास उत्तर देणाऱ्या वैशंपायनाच्या तोंडीं ब्राह्मणाचीं आचारलक्षणें घालतो, म्हणजे त्या शब्दाचा मोह त्यासहि पुरता सुटलेला नाहीं. त्याच्या कित्येक कोटि लंगड्या आहेत. मांस, लाख व मीठ विकणारा ब्राह्मण तत्काळ पतित होतो, या मनुवचनाच्या (10.92) आधारें तो म्हणतो कीं, जें कर्मानें जातें तें जन्मानें आलेलें नव्हे. हें बरोबर नाहीं. जन्मानें आलेली दृष्टि रोगानें जाते. तेवढ्यावरून ती जन्मानें आली नव्हती असें ठरत नाहीं. हरिणी व कलश यांच्या कथांवर रचलेली कोटीहि प्रतिपक्षाला त्याच्याच पुराणांनीं बांधण्यापुरती कामाची आहे. स्वतंत्र प्रमाण म्हणून तिची किंमत नाहीं. पाउलांच्या ठशांची कोटि मात्र निराळी. तींत प्रत्यक्ष प्रमाणाची मागणी आहे, आणि या ग्रंथाचा खरा जोर मला तेथेंच दिसतो.

आतां टंकाकडे वळूं. भोपाळचा इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हा सीहोर येथें राहात असे व तेथील संस्कृत पाठशाळेवर त्याचें विशेष लक्ष असे. त्याच्या पदरीं सुबाजी बापू नांवाचे महाराष्ट्रीय ज्योतिषी पंडित होते. विल्किन्सनच्या पुरस्कारानें 1839 सालीं वज्रसूची छापून निघाली, तेव्हां तिला सुबाजी बापूंचा टंक जोडलेला होता. टंक म्हणजे पाथरवटाची टांकी. सुईला टांकीनें उत्तर, हें नांव मोठें मार्मिक आहे.

सुबाजी बापू हे जुन्याला डोळे मिटून चिकटून बसणारे गृहस्थ होते असें समजल्यास मोठी चूक होईल. याच्या तीनच वर्षें आधीं, 1836 सालीं, त्यांचा सिद्धांतशिरोमणिप्रकाश मुंबईस प्रसिद्ध झाला होता. त्यांत पुराणांचें, सिद्धांतज्योतिषाचें व कोपर्निकसचें अशीं विश्वरचनेचीं तिन्ही मतें तोलून त्यांनीं पुराणांतील भूगोल बाजूला सारला व पृथ्वी फिरते हें मत पत्करलें. त्यावर यज्ञेश्वर सदाशिव रोडे यांनीं 1837 सालीं अविरोधप्रकाश लिहून पुराणें व सिद्धांत यांचा विरोध नाहीं असें प्रतिपादिलें, तर त्यालाहि सुबाजी बापूंनीं सोडलें नाहीं. पुराणांतील मेरुपर्वत ज्यानें निर्भयपणें हलविला, त्याच्या हातून जातीचा दगड मात्र हलला नाहीं. उलट तो पक्का बसविण्यास त्यानें टांकी उचलली. या गृहस्थास मी दांभिक म्हणणार नाहीं. ज्योतिषांत ग्रहण वेळेवर लागलें कीं नाहीं, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर ठरतें, आणि प्रत्यक्षापुढें मान तुकविण्याची संवय त्यांस त्या शास्त्रानें लाविली होती. जातीच्या प्रांतांत ग्रहणासारखें कांहीं नाहीं. तेथें प्रत्यक्ष कोणतें?

हा प्रश्न टंकाच्या फार पूर्वीं कुमारिलभट्टांनीं ओळखला होता, व त्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद टंकांत नव्हे, तंत्रवार्तिकांत आहे. भट्टपाद म्हणतात कीं, ब्राह्मणत्व डोळ्यांनीं दिसतेंच, मात्र आईबापांच्या जातीचें ज्ञान सोबत पाहिजे. तूप व तेल नुसतें पाहून वेगळें कळलें नाहीं तरी वासाची जोड मिळतांच कळतें, तसें हें. मग पुढचा आक्षेप येतो, आणि तो वज्रसूचींतहि आहे: स्त्रियांचें स्खलन लोकांत घडतें, तेव्हां बाप कोण याचा भरवसा काय? त्यावर भट्टपादांचें उत्तर असें कीं, थोर कुळांतील लोक आपली जाति मोठ्या यत्नानें राखतात, आणि म्हणूनच राजे व ब्राह्मण यांनीं बापआज्यांच्या परंपरा लिहून ठेवण्याची वहिवाट घातली. म्हणजे ब्राह्मणत्वाला प्रत्यक्षाची जोड, प्रत्यक्षाला स्मरणाची जोड, आणि स्मरणाला अखेर लेखाची जोड. सर्व इमारत वंशावळीवर येऊन टेकली.

वंशावळ हा आपला विषय आहे, मीमांसकांचा नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या व नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या आपणांपैकीं ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांस त्या लेखांचें मोल सांगावयास नको. कोण केव्हां यात्रेस आला, बरोबर कोण होतें, बाप, आजा, पणजा कोण, हें पिढ्यान्‌पिढ्या उतरून ठेवण्याची अशी सोय फार थोड्या देशांत असेल. पण त्या वहींत उतरतें तें यात्रेकरूनें सांगितलेलें. सांगणारा पुरुष असेल तर बहुधा पुरुषांचींच नांवें येतात. ज्या जोडीवर कुमारिलांची सारी भिस्त, ती आई त्या पानांवर क्वचित् भेटते.

आतां माझा दोष. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका घराण्याचे रुमाल सोडून पाहाण्याची परवानगी मला मिळाली. मोडी कागदांत एक चांगली आठ पिढ्यांची वंशावळ निघाली. तींतील एका शाखेवर ग्रामण्य होऊन ती पंक्तीबाहेर पडली होती, व त्यासंबंधाचा महजर त्याच रुमालांत होता. यजमान सज्जन होते. त्यांनीं अगदीं सौम्यपणें सुचविलें कीं, तेवढी शाखा छापूं नये; घरांत मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत. मीं ती गाळली. टीपेंत चकार शब्द लिहिला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका कुलवृत्तांतांत माझ्याच लेखाचा आधार देऊन या घराण्याच्या अखंड शुद्धतेबद्दल चार ओळी आलेल्या मीं वाचल्या, तेव्हां मला घाम फुटला. भट्टपाद ज्या लेखावर ब्राह्मणत्व उभें करतात, तो लेख कसा तयार होतो याचा साक्षीदार मी स्वतःच होतों. खोटें कोणीं बोललें नव्हतें. एक फांदी तेवढी कापली होती. वज्रसूचीच्या उंबराच्या फळाची कोटि मीं वर्गांत अनेकदां सांगितली असेल, पण फांदी छाटणारा हात माझा होता हें ध्यानांत येण्यास इतकीं वर्षें गेलीं.

शिळेवर कोरलेला लेखहि याला अपवाद नाहीं. मी राहातों त्या इंदिरानगरांतून मुंबई-आग्रा रस्त्यानें थोडें दूर गेलें कीं त्रिरश्मि डोंगर, म्हणजे आपलीं पांडवलेणीं. तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षींचा. आपल्या पुत्रास, गौतमीपुत्र सातकर्णीस, ती ‘एकबम्हण’ म्हणते, आणि त्यानें चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असेंहि त्याचें वर्णन करते. हा लेख ज्या लेण्याच्या दानाचा, तें लेणें बौद्ध भिक्षूंसाठीं. बौद्ध म्हटला कीं वर्णाचा वैरी, हें आपण गृहीत धरतों. दान घेणाऱ्या संघानें वर्णसंकराच्या या स्तुतिनिंदेसकट लेख आपल्या भिंतीवर राहूं दिला. आणि याच सातवाहन घराण्यांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळांतील, महाक्षत्रपाची मुलगी, म्हणजे शक, हें कान्हेरीचा लेख सांगतो. संकर थांबला कोठें? याच डोंगरांत आठव्या लेण्याचा दाता मुगुदास नांवाचा एक ‘दासक’ आहे. सेनारनें त्याचा अर्थ कोळी असा केला. सतराव्या लेण्याचा दाता यवन इंद्राग्निदत्त. कैवर्त, यवन आणि राजमाता यांचीं नांवें एकाच दगडांत, हाकेच्या अंतरावर. वज्रसूचीवर टीका लिहावयाची तर ती या पायऱ्या एकदां चढून लिहावी, असें मला प्रामाणिकपणें वाटतें.

पुराव्याच्या या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. जातीचा पुरावा मागितला जातो तो वर चढूं पाहाणाऱ्याकडून. 1674 सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वीं क्षत्रियत्व सिद्ध करण्याची खटपट पडली, शिसोद्यांशीं संबंध जोडणारी वंशावळ पुढें आली, गागाभट्टांनीं आधीं मौंजी लाविली. कोल्हापुरांत 1899 सालीं उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणांत शाहू छत्रपतींच्या वाट्यास पुन्हां तेंच. ज्यानें राज्य स्थापिलें त्यालाहि कागद दाखवावा लागला. उलट, ज्यास खालीं ठेवावयाचें त्याच्याविरुद्ध कोणी कधीं वंशावळ काढल्याचें मीं पाहिलें नाहीं. 2 मार्च 1930 रोजीं याच नाशकांत काळाराम मंदिराच्या दारांशीं डॉ. आंबेडकर व भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. दारें बंद झालीं. आंत जाऊं मागणाऱ्या हजारोंपैकीं एकालाहि, तुझा पणजा कोण व तुझी जाति कशावरून, हें कोणीं विचारलें नाहीं. तेथें कुमारिलांच्या तुपातेलाच्या परीक्षेची गरजच भासली नाहीं. लोकांत म्हणतात एवढें पुरे झालें. जें प्रमाण राजाच्या बाबतींत अपुरें, तें महाराच्या बाबतींत पुरेसें, याला न्यायशास्त्रांत काय म्हणावें हें मला ठाऊक नाहीं. सत्याग्रह पांच वर्षें चालला, व 13 ऑक्टोबर 1935 रोजीं येवल्याच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं ही घोषणा केली. त्या सत्याग्रहींनीं खरा ब्राह्मण कोण हा उपनिषदाचा प्रश्न विचारला नव्हता. पाउलांत भेद दाखवा, हा दुसऱ्या पाठाचा प्रश्न त्यांनीं दारांत पाउलें उभीं करून विचारला, आणि त्याला उत्तर मिळालें नाहीं.

मग उपनिषदाचा शेवट निव्वळ निरुपयोगी काय? कांहीं वर्षांपूर्वीं मीं हो म्हटलें असतें. बहिणाबाईनें मला थांबविलें. वेरुळाजवळच्या देवगांवांत 1628 सालीं जन्मलेली ही ब्राह्मण स्त्री तुकोबांची शिष्या. पुढें शिऊर येथें राहिली व 1700 सालीं वारली. तिचा गाथा 1913 सालीं छापला गेला. त्यांत ब्राह्मण कोण या प्रश्नावर जे अभंग आहेत, त्यांत वज्रसूची मराठींत उतरली आहे, आणि तिची विचारपूस उपनिषदाच्याच वळणानें चालते. ब्राह्मणाच्या बायकोनें शूद्राला गुरु केलें म्हणून नवऱ्यानें तिला मारलें, हें तिनें आपल्या आत्मचरित्रांत स्वतः सांगितलें आहे. देहूस मंबाजीनें छळलें. अशा बाईच्या तोंडीं ‘ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण’ या सिद्धांताचा अर्थ पंडितसभेंतल्यासारखा राहात नाहीं. माझा गुरु शूद्र नव्हे, तुमच्याच व्याख्येनें तोच ब्राह्मण, असें ती घरांत सांगत होती, आणि त्यासाठीं तिनें मार खाल्ला. जें उत्तर ग्रंथांत आसन हलवीत नाहीं, तें एका स्वयंपाकघरांत हलवूं शकतें. तरीहि फरक राहातोच. बहिणाबाईला गुरूसाठीं ब्राह्मण हाच शब्द लागला. त्यापेक्षां मोठा शब्द तिच्या भाषेंत नव्हता.

यावरून मला एक जुना प्रसंग आठवतो. छांदोग्यांतील सत्यकाम जाबालाची कथा शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें: ‘गुरुजी, सत्यकाम खरें बोलला म्हणून गौतमांनीं त्याला ब्राह्मण ठरविलें, कीं तो जन्मानें ब्राह्मण होता म्हणूनच खरें बोलला असें त्यांनीं ताडलें?’ मूळ वाक्य दोन्ही बाजूंनीं लागतें. ब्रह्मसूत्रांत (1.3.37) दुसरा अर्थ धरला आहे: शूद्रत्वाचा अभाव निश्चित झाल्यावरच गौतम उपनयनास प्रवृत्त झाले. मीं तेव्हां सूत्र सांगितलें, शंकरभाष्य सांगितलें आणि घंटा झाली. मुलाचें समाधान झालें नव्हतें, आणि त्याचें आडनांव माझ्या ध्यानांत होतें. आज विचारतां मी असें म्हणेन कीं, आईनें ‘तुझा बाप कोण हें मला ठाऊक नाहीं’ असें सांगितलेल्या मुलास कुमारिलांची एकहि जोड उपलब्ध नव्हती. ना बाप, ना वंशावळ. गौतमांपुढें होतें तें फक्त त्याचें बोलणें. त्यावरून त्यांनीं जन्म अनुमानला असेल, तर तें अनुमान त्यांचें. प्रत्यक्ष पुरावा सत्याचा होता, जन्माचा नव्हे.

टंकाची 1839 ची छापील प्रत, किंवा तिच्या आधींची हस्तलिखित प्रत, तसेंच बहिणाबाईच्या वज्रसूचीविषयक अभंगांचें 1913 पूर्वींचें एखादें बाड ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं कळविण्याची कृपा करावी. दोन्ही शेवटांचे पाठ नीट ताडून पाहावयाचे आहेत. आणि वंशावळी छापणाऱ्या सर्व बांधवांस विनंति कीं, ग्रामण्याचे महजर व खोडलेल्या शाखा मालकांच्या भिडेस्तव गाळाव्या लागल्यास नांवें न देतां का होईना, पण गाळल्याची टीप अवश्य द्यावी. माझ्या जुन्या लेखांतील त्या शाखेसंबंधीं अशी टीप मीं आतां लिहून ठेविली आहे. यजमानांच्या मुलाची संमति मिळतांच ती संपादकांकडे धाडीन.